हिपॅटायटिस सी: औषधांची कोणती जोडी, हे लिव्हर बघून ठरतं

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. वडील ५८ वर्षांचे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीच्या रक्ततपासणीत अँटी-एचसीव्ही (हिपॅटायटिस सी विरुद्धची अँटीबॉडी) पॉझिटिव्ह आलं, मग आरएनए तपासणीतही विषाणू सापडला. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, १८ लाख. १९९६ मध्ये अपघातानंतर त्यांना रक्त चढवलं होतं. लिव्हरची एन्झाइम एसजीओटी ९६, एसजीपीटी ८१, प्लेटलेट १ लाख १० हजार. बिलिरुबिन आणि अल्ब्युमिन ठीक, पोटात पाणी नाही. डॉक्टरांनी सोफोसबुविर आणि वेल्पाटासविर ही जोडी ८४ दिवसांसाठी लिहून दिली आहे. शेजारच्या काकांना मात्र याच आजारासाठी सोफोसबुविर आणि डाक्लाटासविर मिळालं होतं. मुलगी विचारते आहे की हा फरक का, दोन औषधं कशाला, एकावर भागणार नाही का, आणि मामांना पंधराएक वर्षांपूर्वी इंजेक्शनांनी जो त्रास झाला तो बाबांनाही होणार का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण घरात भीती त्याचीच असते. नाही होणार. मामांना मिळालं ते पेगिलेटेड इंटरफेरॉन आणि रिबाविरिन असणार. आठवड्याला एक इंजेक्शन कातडीखाली, सोबत रोज रिबाविरिनच्या गोळ्या. विषाणूचा जीनोटाइप, म्हणजे जनुकीय प्रकार, १ असेल तर ४८ आठवडे, २ किंवा ३ असेल तर २४ आठवडे. इंटरफेरॉन विषाणूच्या एखाद्या नेमक्या भागावर वार करत नाही, ते आपल्याच प्रतिकारशक्तीला चेतवतं. त्यामुळे दर इंजेक्शननंतर ताप, अंग मोडून येणं, केस गळणं, वजन उतरणं हे सगळं व्हायचं. शिवाय नैराश्य यायचं, ज्याबद्दल पेशंट आपणहून बोलत नसत आणि घरच्यांना वाटायचं माणूस चिडका झालाय. रिबाविरिन तांबड्या पेशी फोडतं, म्हणून हिमोग्लोबिन घसरायचं. थर्मासमध्ये बर्फ घालून इंजेक्शन एसटीने गावी नेणारे पेशंट मी पाहिले आहेत. इतकं सोसून जीनोटाइप १ चे निम्मेच जण बरे व्हायचे. आणि ज्यांचं लिव्हर सर्वांत जास्त बिघडलेलं, ज्यांना उपचाराची सर्वांत जास्त गरज, त्यांनाच इंटरफेरॉन देता येत नसे, कारण त्याने लिव्हर आणखी कोसळण्याचा धोका असायचा.

आताची औषधं थेट विषाणूच्या यंत्रणेवर चालतात. दिवसातून एक गोळी. थोडी डोकेदुखी, थकवा, कधी मळमळ, बहुतेकांना तेवढंच. अनेक पेशंट दुसऱ्या महिन्यात मला विचारतात, औषध लागू पडतंय ना, कारण काहीच जाणवत नाही.

आता दोन औषधं कशासाठी. हिपॅटायटिस सी चा विषाणू १९८९ मध्ये ओळखला गेला. तोवर रक्तातून पसरणाऱ्या या हिपॅटायटिसला 'ए नाही, बी नाही' एवढंच नाव होतं. हार्वे ऑल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना याच शोधासाठी २०२० चं नोबेल मिळालं. विषाणू आरएनएचा आहे. लिव्हरच्या पेशीत शिरून तो केंद्रकाबाहेरच आपल्या प्रती काढतो, आपल्या डीएनएत मिसळत नाही, कुठे दडून बसत नाही. म्हणून प्रती काढणं पुरेसा काळ पूर्ण थांबवलं की तो संपतो. हिपॅटायटिस बी मध्ये हे जमत नाही. तो विषाणू केंद्रकात आपला साठा ठेवतो, त्यामुळे तिथे गोळ्या वर्षानुवर्षं चालू ठेवाव्या लागतात. बी ला गोळ्या वर्षानुवर्षं आणि सी ला तीन महिनेच, असं का, हे पेशंट नेहमी विचारतात. कारण हे आहे.

पण हा विषाणू प्रती काढण्यात भयंकर वेगवान आहे. एका माणसाच्या शरीरात दिवसाला एक लाख कोटींच्या घरात नवे विषाणू तयार होतात. प्रती काढणारं त्याचं एन्झाइम, एनएस५बी, चुका तपासत नाही. प्रत्येक पिढीत चुका होतात आणि बहुतेक चुकीच्या प्रती मरतात. काही मात्र अशा असतात की एखाद्या औषधाला दाद देत नाहीत, आणि त्या आपण औषध सुरू करण्याच्या आधीपासूनच रक्तात असतात. एकच औषध दिलं तर बाकीचे मरतात, या उरतात, आणि काही आठवड्यांत रक्तात त्यांचंच राज्य होतं. दोन अगदी वेगळ्या जागी मारणारी औषधं एकदम दिली, तर दोन्हींना चुकवेल अशी प्रत आधीच तयार असण्याची शक्यता फार कमी होते.

या जोडीतल्या दोघांचे स्वभावही वेगळे आहेत. सोफोसबुविर हे आरएनएच्या साखळीतल्या एका घटकासारखं दिसणारं रसायन आहे. एनएस५बी त्याला खरा घटक समजून साखळीत जोडतं आणि साखळी तिथेच तुटते. या औषधाला चुकवायचं तर विषाणूला त्या एन्झाइमच्या अगदी गाभ्यात बदल करावा लागतो, आणि तसा बदल झालेला विषाणू इतका दुबळा होतो की फारसा वाढत नाही. म्हणून सोफोसबुविरला प्रतिकार निर्माण होणं दुर्मीळ. डाक्लाटासविर आणि वेल्पाटासविर एनएस५ए या दुसऱ्या प्रथिनावर काम करतात. प्रती काढणं आणि नवा विषाणू जुळवणं, या दोन्हीत त्या प्रथिनाचा हात असतो. ही औषधं अगदी थोड्या प्रमाणातही विषाणूची संख्या झपाट्याने पाडतात, पण एकटी दिली तर विषाणू त्यांना लवकर सरावतो. एक जण टिकाऊ, दुसरा वेगवान. सोफोसबुविर आणि रिबाविरिन अशी जोडी आपल्याकडे २०१५ च्या सुमारास वापरली जात होती, जीनोटाइप ३ ला २४ आठवडे. एनएस५ए वरची औषधं हाताशी आल्यावर ती मागे पडली.

'एकाच गोळीवर भागणार नाही का' याचं एक उत्तर असंही आहे की भागतंच. सोफोसबुविर ४०० मिलिग्रॅम आणि वेल्पाटासविर १०० मिलिग्रॅम एकाच गोळीत येतात. औषधं दोन, गोळी एक.

आता काकांची जोडी वेगळी का. इथे व्हायरल लोड बाजूला ठेवा. १८ लाख हा आकडा ऐकून लोक हादरतात, पण लिव्हर किती खराब आहे हे तो अजिबात सांगत नाही. दोन लाखवाल्याचं लिव्हर कडक झालेलं असू शकतं आणि पन्नास लाखवाल्याचं जवळपास निरोगी. बघायचं ते लिव्हरमध्ये व्रण किती साठलेत, सिरॉसिस (व्रणांनी लिव्हर कडक, गाठाळ होणं) आहे की नाही. त्यासाठी लिव्हरचा कडकपणा मोजणारा फायब्रोस्कॅन असतो, पण तुम्ही दिलेल्या आकड्यांवरूनच कागदावर एक अंदाज काढता येतो. त्याला फिब-४ म्हणतात. वय गुणिले एसजीओटी, भागिले प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. ५८ गुणिले ९६ म्हणजे ५५६८. एसजीपीटी ८१, त्याचं वर्गमूळ ९, गुणिले ११० म्हणजे ९९०. भागाकार येतो ५.६. हा आकडा ३.२५ च्या वर गेला की लिव्हरमध्ये बऱ्यापैकी व्रण झालेत असं धरतात. त्यात एसजीओटी एसजीपीटीपेक्षा जास्त आणि प्लेटलेट दीड लाखाच्या खाली, ही दोन्ही चिन्हं त्याच दिशेची. म्हणजे तुमच्या वडिलांना बहुधा सिरॉसिस आहे, पण लिव्हर अजून आपलं काम निभावतंय. बिलिरुबिन, अल्ब्युमिन ठीक आहेत आणि पोटात पाणी नाही, ते त्यामुळेच. १९९६ पासूनचा संसर्ग असेल तर इतक्या वर्षांत इथवर येणं नवल नाही. आपल्याकडे दात्याच्या रक्ताची हिपॅटायटिस सी साठी सक्तीने तपासणी २००१-०२ च्या सुमारास सुरू झाली. त्याआधी रक्त घेतलेल्या प्रत्येकाने एकदा ही तपासणी करून घ्यावी असं माझं मत आहे, तब्येत ठणठणीत असली तरी.

आणि म्हणून वेल्पाटासविर. भारतात सर्वांत जास्त आढळतो तो जीनोटाइप ३, आणि सिरॉसिस असेल तर नव्या औषधांनाही जरा अवघड जातो तो हाच. ॲली-३ नावाच्या चाचणीत जीनोटाइप ३ च्या पेशंटना सोफोसबुविर-डाक्लाटासविर १२ आठवडे दिलं. सिरॉसिस नसलेले ९६ टक्के बरे झाले, सिरॉसिस असलेले फक्त ६३ टक्के. ॲस्ट्रल-३ या चाचणीत सोफोसबुविर-वेल्पाटासविर तितकेच आठवडे दिलं, तेव्हा सिरॉसिसवाल्यांतही ९१ टक्के बरे झाले. आपला राष्ट्रीय कार्यक्रमही हाच हिशेब पाळतो: सिरॉसिस नसेल तर डाक्लाटासविरची जोडी ८४ दिवस, सिरॉसिस असून लिव्हर निभावत असेल तर वेल्पाटासविरची जोडी ८४ दिवस. काकांचं लिव्हर बरं होतं, त्यांना स्वस्त जोडी पुरली. तुमच्या वडिलांना ती देणं म्हणजे विनाकारण जोखीम. डॉक्टरांनी 'महागडं' औषध लिहिलं म्हणून शंका घेऊ नका, उलट त्यांनी प्लेटलेट नीट बघितलेत.

पोटात पाणी झालंय, रक्ताची उलटी झाली, शुद्ध हरपली, कावीळ चढली, अशी अवस्था असती तर गोष्ट वेगळी होती. तिथे सोफोसबुविर-वेल्पाटासविरच्या जोडीला रिबाविरिनही लागतं. ॲस्ट्रल-४ चाचणीत अशा पेशंटमध्ये १२ आठवड्यांच्या नुसत्या जोडीने ८३ टक्के आणि रिबाविरिन घातल्यावर ९४ टक्के बरे झाले. रिबाविरिन झेपत नसेल तर तीच जोडी २४ आठवडे देतात. ग्लेकाप्रेविर किंवा व्हॉक्सिलाप्रेविरसारखी, विषाणूच्या प्रोटिएज या आणखी एका एन्झाइमवरची औषधं मात्र अशा लिव्हरला देत नाहीत. हा उपचार मोठ्या केंद्रातच व्हावा. तुमच्या वडिलांना त्याची गरज दिसत नाही.

जीनोटाइपची तपासणी करायची का, असंही एका ओळीत विचारलंय. ही जोडी सर्व जीनोटाइपवर चालते, पहिलाच उपचार असेल तर त्या तपासणीवर पैसे घालवू नका. ते पैसे फायब्रोस्कॅन आणि एंडोस्कोपीला ठेवा.

गोळी सुरू करण्याआधी एक तपासणी मात्र चुकवू नका, हिपॅटायटिस बी ची. एचबीएसएजी आणि अँटी-एचबी कोअर. काही जणांच्या शरीरात दोन्ही विषाणू असतात आणि सी चा विषाणू बी ला दाबून ठेवतो. सी गेला की बी उसळतो, आणि ती उसळी जिवावरही बेतू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०१६ मध्ये या सगळ्या औषधांच्या माहितीपत्रकात याबद्दल सर्वांत कडक इशारा घालायला लावला, तो त्यामुळेच. बी सापडला तरी सी चा उपचार थांबत नाही, सोबत बी ची गोळी किंवा बारीक लक्ष लागतं इतकंच. सोबत एचआयव्ही आणि क्रिएटिनिनही बघतात. किडनी कमकुवत असली किंवा डायलिसिस चालू असलं तरी आता ही जोडी देता येते, पूर्वी सोफोसबुविरबद्दल तिथे धास्ती होती.

आता ज्यावर मी ओपीडीत सर्वांत जास्त वेळ घालवतो ते. दुसऱ्या गोळ्या. या औषधांचे स्वतःचे दुष्परिणाम थोडे, पण इतर औषधांशी त्यांचं जुळणं-न जुळणं फार महत्त्वाचं. वेल्पाटासविर पोटातल्या आम्लातच नीट विरघळतं. आपल्याकडे तर पॅन्टोप्रॅझोल, रॅबेप्रॅझोल, ओमेप्रॅझोल या गोळ्या सकाळी चहाच्या आधी सवयीने घेतल्या जातात, कित्येकदा कुणीही लिहून न देता. अशा माणसाच्या रक्तात वेल्पाटासविर कमी पोचतं आणि उपचार फसू शकतो. तुम्ही वडिलांच्या ॲसिडिटीबद्दल काही लिहिलं नाहीये, पण त्यांच्या खिशात अशी गोळी आहे का ते आज बघाच. तीन महिने ती बंद करता आली तर उत्तम. बंद करणं अशक्यच असेल तर कमी डोस, आणि हिपॅटायटिसची गोळी जेवणासोबत, त्या ॲसिडिटीच्या गोळीच्या चार तास आधी. पातळ अँटासिडही चार तासांच्या अंतराने.

टीबीचं रिफॅम्पिसिन, फिटचं फेनिटॉइन किंवा कार्बामॅझेपिन चालू असेल तर ही जोडी देताच येत नाही, आधी त्यांचा बंदोबस्त. हृदयाच्या ठोक्यांसाठी ॲमिओडॅरोन घेणाऱ्यांत सोफोसबुविरमुळे ठोके धोकादायक मंद झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. कोलेस्टेरॉलच्या गोळीचा डोस कमी करावा लागू शकतो. रक्त पातळ करण्याचं वॉरफरिन घेत असतील तर आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) वरचेवर बघावा लागतो. मधुमेह असेल तर आणखी एक गंमत होते: विषाणू गेला की साखर आपोआप उतरते आणि जुन्याच डोसवर माणसाला घाम फुटतो, हातपाय थरथरतात. घरात ग्लुकोमीटर असेल तर पहिला महिनाभर वापरा.

काढे, भस्मं, काविळीची मुळी यांबद्दलही बोलायला हवं, कारण 'लिव्हरचा आजार' म्हटलं की कुणीतरी नातेवाईक पुडी घेऊन येतोच. सिरॉसिस असलेल्या लिव्हरवर हे प्रयोग नकोत. कोविडच्या काळात गुळवेलीचा काढा घेणाऱ्या काही जणांच्या लिव्हरला सूज आल्याची नोंद मुंबईतल्या लिव्हरतज्ज्ञांनी प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, तो वाद आपण इथे सोडवायचा नाही. पण तीन महिने पोटात काय चाललंय ते मला आणि तुमच्या डॉक्टरांना ठाऊक असावं, एवढी अट मी घालतो. दारू पूर्ण बंद, हे वेगळं सांगायला नको.

गोळी विसरली तर? नेहमीच्या वेळेपासून १८ तासांच्या आत आठवलं तर लगेच घ्यावी, त्यानंतर आठवलं तर सोडून द्यावी आणि पुढची वेळेवर. दोन एकदम नाहीत. २८ गोळ्यांची एक बाटली, अशा तीन. दुसरी बाटली अर्धी झाली की तिसरी घरात आणून ठेवा. मध्ये आठ-दहा दिवस खंड पडणं हे मी उपचार फसण्याचं सर्वांत टाळण्यासारखं कारण मानतो, आणि तो खंड बहुतेकदा लग्नासाठी गावी गेल्यामुळे किंवा बाटली वेळेत न मिळाल्यामुळे पडतो.

पैशाचं. २०१३ च्या अखेरीस सोफोसबुविर अमेरिकेत आलं तेव्हा १२ आठवड्यांची किंमत होती ८४ हजार डॉलर, एका गोळीला हजार डॉलर. सप्टेंबर २०१४ मध्ये गिलियड कंपनीने भारतातल्या सात औषधकंपन्यांना ते बनवण्याचे परवाने दिले आणि २०१५ पासून इथे जेनेरिक गोळ्या त्या किमतीच्या अगदी लहानशा भागात मिळू लागल्या. पंजाबने २०१६ मध्ये सरकारी खर्चाने उपचार सुरू केले. २८ जुलै २०१८ ला राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, त्यात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत. महाराष्ट्रात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या आणि जिल्हा रुग्णालयांत याची उपचार केंद्रं आहेत. आधी जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. खासगीत दाखवत असलात तरी औषध तिथून घ्यायला हरकत नाही, गोळी तीच आहे.

८४ दिवस संपले की लगेच आरएनए तपासून पेढे वाटायची घाई करू नका. गोळ्या चालू असताना जवळपास सगळ्यांचाच रिपोर्ट निगेटिव्ह येतो. खरी परीक्षा गोळ्या थांबवल्यानंतर १२ आठवड्यांनी. त्या दिवशीही आरएनए सापडला नाही तर संसर्ग बरा झाला. तो नंतर आपणहून उलटणं अत्यंत दुर्मीळ आहे. सापडलाच, तर तिसरं औषध, व्हॉक्सिलाप्रेविर, जोडून केलेली तिहेरी गोळी आहे किंवा रिबाविरिनसह लांबवलेला उपचार आहे. दार बंद होत नाही.

अँटी-एचसीव्ही मात्र आयुष्यभर पॉझिटिव्ह राहणार, ती फक्त जुन्या संसर्गाची खूण असते. पुढच्या ऑपरेशनला, विम्याला किंवा कुणाला आखाती देशांत नोकरीसाठी मेडिकल द्यायची असेल तेव्हा तीच तपासणी पुन्हा अडवते. म्हणून १२ आठवड्यांनंतरचा आरएनए रिपोर्ट लॅमिनेट करून ठेवा आणि सोबत न्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन आत्ता थांबवायलाही वैद्यकीय कारण दिसत नाही. नेहमीची काळजी घेऊन ते होतं. एखाद्या ठिकाणी नकार मिळाला तर दुसरीकडे विचारा.

विषाणू गेला तरी तुमच्या वडिलांना माझ्यासारख्याकडे येणं सोडता येणार नाही. सिरॉसिस असलेल्या लिव्हरमध्ये कॅन्सरचा धोका उपचारानंतर कमी होतो, पण शून्य होत नाही. दर सहा महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी, सोबत एएफपी ही रक्ततपासणी, आणि हे वर्षानुवर्षं. मला जास्त वाईट वाटतं ते याच पेशंटचं, जे बरे झाल्याच्या आनंदात चार वर्षं फिरकत नाहीत आणि मग मोठी गाठ घेऊन येतात. प्लेटलेट १ लाख १० हजार आहेत, तेव्हा अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा बघायला एकदा एंडोस्कोपी करून घ्या, गोळ्या चालू असतानाही चालते. हिपॅटायटिस ए आणि बी ची लस, आधी प्रतिकारशक्ती नसेल तर. सी ची लस अजून नाही, आणि एकदा बरं झाल्यावर पुन्हा संसर्ग होऊ शकतो, म्हणून सुया-इंजेक्शनं जिथे घ्याल तिथे नवीन सुई डोळ्यांसमोर उघडायला लावा.

घरच्यांबद्दल: एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, कपडे एकत्र धुतल्याने हा पसरत नाही. दाढीचं ब्लेड, नेलकटर आणि टूथब्रश वेगळे ठेवा. आईची एकदा अँटी-एचसीव्ही तपासणी करा, तुम्ही भावंडांनीही करायला हरकत नाही. आईची पॉझिटिव्ह आली तर थेट आरएनए करा, कारण काही जणांच्या शरीरातून हा विषाणू सुरुवातीच्या सहा महिन्यांत आपणहून निघून गेलेला असतो आणि त्यांना कसल्याच गोळीची गरज नसते.